कौलं उडतात, पत्रे उडतात, मग करायचं काय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात पावसाआधी घराची कुठली कामं उरकून घ्यायची यावर थोडं लिहिलं होतं, त्यावर जेवढी पत्रं आणि मेसेज आले त्यातले जवळजवळ सगळे छपराबद्दलच आहेत. श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळीकडून. २००९ चं फयान, २०२० चं निसर्ग, २०२१ चं तौक्ते, ही वादळांची नावं प्रत्येक पत्रात कुठे ना कुठे आहेतच. मी गेली पंचवीसेक वर्षं दापोली-गुहागर पट्ट्यात घरांची कामं करतोय, निसर्गनंतर तर पुढचे चार महिने छपराशिवाय दुसरं काही केलंच नाही, त्यामुळे जे हाताने बघितलंय त्यावरून लिहितो. सगळ्यांचे प्रश्न घेता आले नाहीत, सारखे होते ते एकत्र केलेत.

आमचं जुनं कौलारू घर आहे, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, मातीतलं बांधकाम. निसर्गमध्ये समुद्राकडच्या पाख्याची (छपराच्या उताराची) निम्मी कौलं गेली. परत घातली, दर मे महिन्यात शाकारणी करतो (कौलं उतरवून नीट परत लावतो), तरी जोराचा वारा आला की वळचणीची (छपराच्या खालच्या कडेची) पाच-पन्नास कौलं खाली येतातच, वर माकडांचा त्रास वेगळा. मुलगा म्हणतो सगळं काढून पत्रा टाकू, आई म्हणते कौलं हलवायची नाहीत. कोणाचं ऐकू?
(एक वाचक, श्रीवर्धन)

आईंचं ऐका, आणि मुलाला कामाला लावा, कारण काम आहे भरपूर.

आधी हे समजून घ्या की कौलं का उडतात. आपल्याला वाटतं वारा खालून घुसतो आणि ढकलतो. तेही होतं, पण मुख्य म्हणजे वारा पाख्यावरून जोरात निघून जाताना छपराला वर ओढतो, शोषून घेतल्यासारखा. आणि ही ओढ सगळ्या छपरावर सारखी नसते. वळचण, आढं (दोन पाखी वर जिथे भेटतात ते) आणि दोन्ही बाजूंच्या कडा, इथे ती मधल्या भागापेक्षा दुपटीच्या घरात जाते. म्हणून तर तुमची वळचणीचीच कौलं जातात आणि मधली जागच्या जागी असतात. एकदा कडेचं कौल गेलं की त्याच्या शेजारच्याची कड उघडी पडते, मग ते, मग पुढचं, आणि बघता बघता अख्खं पाखं उसवत जातं.

आता थोडा हिशोब. ताशी १२० किलोमीटरचा झोत धरला तर त्याचा दाब साधारण दर चौरस मीटरला ६५ ते ७० किलो होतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे कायम लक्षात ठेवा, साठच्या वाऱ्यात टिकलं म्हणजे एकशेवीसच्या वाऱ्यात निम्मं तरी टिकेल असं होत नाही. मंगलोरी कौल एक अडीच-तीन किलोचं, चौरस मीटरला पंधराच्या आसपास बसतात, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलो वजन. मधल्या भागात हे वजन बरंचसं पुरतं, कडेला पुरत नाही. पत्र्याचं वजन त्याच जागेत चार-पाच किलो! म्हणजे मुलाचा पत्रा आपल्या वजनावर पाच मिनिटं टिकणार नाही, तो सगळा स्क्रूच्या भरवशावर. कौलाला निदान स्वतःचं वजन आहे. वेंगुर्ल्याकडचे एक म्हातारे सुतार होते, निसर्गनंतर आमच्याबरोबर कामाला आले होते, ते एकच वाक्य सारखं बोलायचे, "नुसता जड असान उपयोग नाय, बांधलेला होया." माझं सगळं म्हणणं याच्यात आलं.

तर बांधायचं कसं. एक कौल हातात घेऊन उलटं करून बघा. पोटाला रिपेवर (वाशांवर आडव्या मारलेल्या लाकडी पट्टीवर) अडकणारे दात असतात ते सगळ्यांना माहीत, पण बऱ्याच कौलांना तिथेच एक भोक असलेला छोटा कान असतो, तो तार ओवायलाच दिलेला असतो. आपल्याकडे शंभरातल्या नव्वद घरांत त्या भोकातून कधी तार गेलेलीच नाही. जस्ताचा मुलामा दिलेली तार घ्या (साधी बांधणीची काळी तार खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजून तुटते), कानातून ओवून रिपेला पिळा द्या. वळचणीच्या खालच्या दोन-तीन ओळी, दोन्ही कडांच्या तीन-तीन रांगा आणि आढ्याखालची एक ओळ, इथलं प्रत्येक कौल. मधल्या भागात एकाआड एक ओळ बांधली तरी चालेल. ज्या कौलाला कान नाही त्याला बाजूने भोक पाडायला जाऊ नका, फुटतं, ते कौल मधल्या भागात वापरा आणि कानवालं कडेला आणा. शाकारणीला कौलं उतरवता ना, तेव्हाच ही निवड करायची.

आढ्यावरचे कोने बहुतेक घरांत सिमेंटमध्ये बसवलेले असतात आणि ते सिमेंट उन्हाने तडकलेलं असतं. हाताने हलवून बघा. हललं की काढा, जुना माल खरवडून टाका, कौलं ओली करून परत बसवा.

पण खरी गोम याच्याही खाली आहे. कौल रिपेला बांधलं, रीप वाशाला कशावर आहे? एका खिळ्यावर. आणि तो खिळा वरून सरळ ठोकलेला, म्हणजे वर ओढलं की जसा गेला तसा सरळ बाहेर येणार. निसर्गनंतर हर्णैजवळच्या एका घरात मी बघितलं, खळ्यात कौलं पडलेली होती ती रिपांसकट, रिपांना खिळे तसेच लोंबत होते, अगदी स्वच्छ, वाकलेले पण नाहीत. म्हणजे कौलांनी रीप सोडली नव्हती, रिपेने वासा सोडला होता. तेव्हा कडेच्या भागात तरी रीप आणि वासा स्क्रूने आवळून घ्या, नाहीतर जोडावर पातळ जस्ती पट्टी आडवी मारा. वासा भिंतीवरच्या तुळईला लोखंडी पट्टीने दोन्ही बाजूंनी बोल्ट करा.

आणि तुळई? ती भिंतीवर नुसती ठेवलेली असते, वर्षानुवर्षं. मातीतली भिंत असेल तर वरचा एक चिरा म्हणजे फक्त तीसेक किलो, त्याला तुळई बांधून काय होणार, चिऱ्यासकट वर जाईल. म्हणून दर पाच-सहा फुटांवर एक सळई भिंतीतून निदान चार थर खाली न्यायची, तिथे आडवी पट्टी टाकून नट मारायचा, म्हणजे वरच्या चारही थरांचं वजन तिला मिळतं. पैसे असतील तर भिंतीच्या डोक्यावर सहा इंच उंचीचा सिमेंट काँक्रीटचा पट्टा सगळीकडून फिरवून घेणं सर्वात उत्तम, त्यातच सळया सोडायच्या. पण त्यासाठी छप्पर उतरवावं लागतं, तो खर्च वेगळा. यंदा जमत नसेल तर यंदा तारा आणि पट्ट्या करा. दोन माणसं आणि एक सुतार आठवड्याभरात करतील.

माकडांसाठी लोक मच्छीमारांचं जुनं जाळं टाकतात छपरावर. टाका, चांगलंच आहे, कौल फुटलं तरी खाली पडत नाही. फक्त त्याच्या टोकांना दगड बांधून लोंबकळत ठेवू नका. वादळात ते दगड घरावरच आपटतात. टोकं जमिनीत पहारीने ठोकलेल्या खुंट्यांना बांधा.

आमचं स्लॅबचं घर आहे पण गळतं म्हणून वर लोखंडी पाइप उभे करून पत्र्याची शेड केली, ३० बाय ३० फूट, चारही बाजूंनी उघडी. तौक्तेत कोपऱ्यातले तीन पत्रे उडून शेजाऱ्यांच्या बागेत गेले. फॅब्रिकेटर म्हणतो तीन पत्रे बदलून देतो, बाकी सगळं मजबूत आहे. खरंच आहे का?
(एक वाचक, गुहागर)

नाही. नुसते पत्रे बदलून पुढच्या वेळी तेच तीन जातील, किंवा आणखी वाईट म्हणजे ते जाणार नाहीत आणि अख्खी शेड उचलली जाईल.

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आता कोकणात दर दुसऱ्या स्लॅबवर शेड आहे. गळती थांबते, उन्हाचा तडाखा कमी होतो, कपडे वाळतात, गणपतीला पंगत बसते, सगळं खरं. पण चारही बाजूंनी उघडी शेड म्हणजे दोन मजल्यांच्या उंचीवर धरलेली छत्री. वरून ओढ आणि खालून ढकल, दोन्ही एकाच वेळी. तुमची ९०० चौरस फुटांची शेड आहे. मगाचाच ताशी १२० चा झोत धरला तर तिला वर उचलणारा साडेपाच टनाच्या आसपास जोर तिच्यावर येऊ शकतो आणि शेडचं स्वतःचं वजन, पाइपासकट, फार तर टन-सव्वा टन. बाकीचे सव्वाचार-साडेचार टन कोणी धरून ठेवायचे? पायातल्या बोल्टांनी.

म्हणून सुरुवात पायापासून करा. खांबाच्या खाली जी प्लेट आहे तिचे बोल्ट कशात गेलेत हे शोधा. स्लॅबवर गळतीसाठी विटांचा कोबा घातलेला असतो, चार-पाच इंच, आणि पुष्कळ ठिकाणी बोल्ट फक्त त्या कोब्यातच गेलेले असतात. कोबा म्हणजे काय, विटांचे तुकडे आणि चुना-सिमेंट, तो काहीही धरत नाही. ओळखायची सोपी खूण सांगतो. प्लेटच्या शेजारी ड्रिल मारून बघा, लाल भुकटी येतेय तोपर्यंत कोबा, करडी भुकटी यायला लागली की स्लॅब. त्या करड्यात निदान चार इंच बोल्ट गेला पाहिजे, आणि स्लॅबच तेवढी जाड नसते बऱ्याचदा, म्हणून खांब शक्यतो बीमवर किंवा खालच्या कॉलमच्या डोक्यावर यायला हवा. तुमचे खांब कुठेही मध्येच उभे असतील तर कठड्याच्या भिंतीला टेकू देऊन भागत नाही, वीट-चिऱ्याचा कठडा खांबासकट कोसळलेला मी बघितलाय. अशा वेळी खांबाभोवती बीमला सळया रासायनिक डिंकाने पुरून (केमिकल अँकर म्हणतात दुकानात) छोटी काँक्रीटची चौकी करून घ्या.

भोक पाडलं की तिथून स्लॅबमध्ये पाणी जाणार, गळती थांबवायला शेड केली आणि शेडमुळेच गळती, असं होऊ नये म्हणून प्लेटच्या खाली आणि बाजूने सीलंट भरून उतार द्या, पाणी साचता कामा नये. प्लेटच्या वर दोन इंचांपर्यंत पाइप सगळ्यात आधी सडतो. तिथे हातोडीने हळू ठोकून बघा. टणटण वाजला तर ठीक, भद्द वाजला तर आतून गेलाय. पाइपाची वरची तोंडं उघडी असतील तर पाणी आत शिरून आतूनच गंजतो, बाहेर रंग छान दिसत राहतो. तोंडं वेल्डिंगने बंद करून घ्या.

आता पत्रे. तुमच्या शेडवर जे बोल्ट शिल्लक राहिलेत ते नीट बघा. गुहागरातच एका घरी मी शिडी लावून वर गेलो तर पाइपावर जे-बोल्ट (इंग्रजी J सारखे वाकवलेले) ओळीने उभे, प्रत्येकावर वॉशर, प्रत्येक वॉशरखाली रुपयाएवढा पत्र्याचा तुकडा अडकलेला. पत्रा त्या वॉशरभोवती फाटून निघून गेला होता! बोल्टला काहीही झालं नव्हतं. जिथे पत्रा अजून होता तिथली भोकं लांबट झाली होती, डोळ्याच्या आकाराची, म्हणजे तोही फडफडून फडफडून फाटायच्या बेतात होता. वादळ पाच-सहा तास चालतं, एका झटक्यात पत्रा जात नाही, फडफडून भोक मोठं होत होत जातो. म्हणून तीन गोष्टी. पत्रा जाड घ्या, निदान ०.५० मिमी, ते ०.३५ चं स्वस्त प्रकरण समुद्रकाठी नको. वॉशर मोठा घ्या, रबर जाड आणि वरची टोपी रुंद. आणि कडेला बोल्टांची संख्या वाढवा, मधे एकाआड एक उंचवट्याला चालेल पण चारही कडांच्या पहिल्या चार फुटांत प्रत्येक उंचवट्याला बोल्ट पाहिजे, आणि तिथला आडवा पाइपही चार फुटांऐवजी अडीच-तीन फुटांवर. पत्रा वळचणीला पाइपाच्या पुढे दीड-दोन फूट मोकळा सोडायची फॅशन आहे, ती कापून नऊ इंचांवर आणा. जो भाग मोकळा लोंबतो तिथूनच वारा पकडतो.

सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू वापरणार असाल तर समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत साधे पिवळे किंवा पांढरे मुलाम्याचे स्क्रू घेऊ नका, डोकं गंजून तीन वर्षांत नुसती दांडी राहते. जाड गॅल्व्हनाइजचे मागा, स्क्रूला दोन-तीन रुपये जास्त पडले तरी द्या. आणि मशीनने आवळताना रबर चपटं होऊन बाहेर येईपर्यंत आवळतात पोरं, तसं करू देऊ नका, रबर फाटतं आणि पहिल्याच पावसात तिथून थेंब सुरू.

खांबांमध्ये तिरपे टेकू नसतील तर दोन्ही दिशांना लावून घ्या. हे सगळं करून खर्च तीन पत्र्यांच्या बराच वर जाईल याची मला कल्पना आहे. पण तुमचा उडालेला पत्रा शेजाऱ्यांच्या बागेतच पडला हे नशीब, दहा फुटी पत्रा हवेत असताना खाली माणूस असला तर काय होतं ते लिहवत नाही.

वादळात समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवल्या तर वारा निघून जातो आणि छप्पर वाचतं असं ऐकलंय. खरं का?
(एक वाचक, मुरुड-जंजिरा)

अजिबात नाही. वाऱ्याकडची खिडकी उघडी राहिली की घर फुग्यासारखं फुगतं, आतला दाब छपराला खालून ढकलतो, वरची ओढ आहेच, दोन्ही मिळून छप्पर जातं. सगळी दारं-खिडक्या बंद, आडणे (अडसर) घाला, आणि समुद्राकडच्या मोठ्या काचेवर बाहेरून प्लायवूड ठोका. काचेवर चिकटपट्टीची फुली मारून काच वाचत नाही. जुन्या घरांतल्या पडव्यांना झापं लावतात ती वादळाच्या आदल्या दिवशी काढून आत ठेवा, पावसाच्या झडीला ठीक आहेत, असल्या वाऱ्याला नाहीत.

आम्ही डोंबिवलीला असतो, गाव राजापूर तालुक्यात. घर वर्षभर बंद, गणपती आणि मे महिन्यात चार-आठ दिवस उघडतं. कौलारू आहे, मागच्या बाजूला पत्र्याची पडवी नंतर काढलेली. यंदा मेमध्ये हातात चारच दिवस आणि पंचवीस-तीस हजार. काय करून घेऊ?
(एक चाकरमानी वाचक)

पहिल्या दिवशी पैसे खर्च करू नका, फक्त बघा. दुपारी उन्हाच्या वेळी घरात सगळी दारं बंद करून अंधार करा आणि वर बघा, जिथून उजेडाचा ठिपका दिसतो तिथे खडूने खालच्या जमिनीवर खूण करा. मग टोकदार स्क्रू-ड्रायव्हर घेऊन प्रत्येक वाशाचं भिंतीत शिरणारं टोक टोचा. बंद घरात वाळवी लागते ती तिथेच, भिंतीतल्या ओलीत. ड्रायव्हर सहज आत गेला की तो वासा कामातून गेला, वरून कितीही चांगला दिसो. सगळा वासा बदलायला वेळ नाही, तर चांगल्या भागापर्यंत मागे जाऊन शेजारी नवा तुकडा बोल्टने जोडून घ्या, सुतारांना हे माहीत असतं.

दुसरा-तिसरा दिवस कडेची कौलं तारेने बांधायला. वर श्रीवर्धनकरांना सांगितलंय तसंच. मधला भाग राहू दे.

चौथा दिवस पडवीचा. तुमच्या घराचा खरा कच्चा दुवा ती पत्र्याची पडवीच आहे. नंतर काढलेली पडवी बहुतेक वेळा मुख्य घराच्या वाशांना तारेने नाहीतर खिळ्याने अडकवलेली असते. ती उडताना एकटी उडत नाही, मुख्य छपराची वळचण ओरबाडून नेते. तिला स्वतःचे खांब आणि स्वतःचा पाया असू द्या, आणि मुख्य छपराशी फक्त वरून पत्र्याची पट्टी टाकून पाणी अडवा, बांधू नका. जमत नसेल तर यंदा तिचे पत्रे काढून घरात रचून ठेवून जा. खरंच सांगतो, बंद घरासाठी हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

आणि गावातल्या कोणाला तरी किल्ली आणि थोडी कौलं देऊन ठेवा. शंभरेक कौलं मांगरात (सामान ठेवायच्या खोपटात) जपून ठेवली पाहिजेत, तुमच्याच जुन्या छापाची. निसर्गनंतर लोकांची सगळ्यात मोठी अडचण हीच झाली होती, एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही, आणि सगळा जिल्हा एकाच वेळी कौलं शोधत होता. ३ जूनला वादळ झालं, पाऊस तोंडावर होता, लॉकडाऊन चालू, वीज नाही, माणसं महिना-महिना ताडपत्रीखाली राहिली.

ताडपत्रीचं निघालंच आहे तर, ती वाऱ्याकडच्या वळचणीपासून आढ्यावरून पलीकडे दोन-तीन फूट उतरेल एवढी मोठी हवी. कड लाकडी पट्टीला दोन-तीन वेळा गुंडाळून मग पट्टी वाशाला ठोकायची. नुसता खिळा मारला की खिळ्यापाशी फाटते, दगड ठेवले की रात्रीत सरकते आणि दगड कौलांवर.

घरावर वीस वर्षांचे सिमेंटचे पत्रे आहेत, वरून काळे झालेत, दोन-तीन ठिकाणी चिरा. मिस्त्री म्हणतो वर चढून पॅच मारतो आणि वायरब्रशने घासून रंग देतो. चालेल ना?
(एक वाचक, देवगड)

ताई, त्या मिस्त्रीला पत्र्यावर पाय ठेवू देऊ नका. जुना सिमेंटचा पत्रा वरून दगडासारखा दिसतो आणि पाय दिला की पापडासारखा मोडतो. कोकणात दर मे महिन्यात अशी माणसं पडतात. काम करायचंच तर आडव्या पाइपांवर टेकतील अशा दोन लांब फळ्या टाकून, कमरेला दोर बांधूनच.

दुसरं, कोरडा वायरब्रश अजिबात नको. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, घासलं, कापलं, भोक पाडलं की ते धुरळ्यात मिसळून छातीत जातात आणि वर्षानुवर्षांनी फुप्फुसांचे आजार होतात, कॅन्सरसुद्धा. जे काही कराल ते पाणी मारून ओलं ठेवून, तोंडाला चांगला मास्क लावून, आणि तुकडे फोडून अंगणात पसरू नका, आळ्याला कड म्हणून तर नकोच नको, आपल्याकडे ती सवय आहे.

चिरांना पॅच मारून हा पावसाळा काढता येईल. पण वीस वर्षं झालीत, ताकद गेलीय, जोराच्या वाऱ्यात असा पत्रा वाकत नाही, बोल्टपाशी तडकून मोठमोठ्या तुकड्यांनी घरात पडतो. पुढच्या वर्षी बदलायचे असं आत्ताच ठरवा. अख्खे पत्रे बोल्ट कापून अख्खेच उतरवायचे.

मागच्या वादळात पंचनामा झाला पण नुकसान कमी दाखवलं गेलं, काहीच मिळालं नाही. पुढच्या वेळी काय काळजी घ्यावी?
(एक वाचक, मंडणगड)

तुमचं दुःख समजतं, असे अनुभव बऱ्याच जणांचे आहेत. आत्ता, काही झालेलं नसताना, घराचे चारही बाजूंनी आणि आतून छपराचे फोटो काढून ठेवा, आणि मुंबईतल्या नातेवाइकालाही पाठवून ठेवा, फोन भिजला तरी राहतील. घरपट्टीची पावती, ८-अ चा उतारा, आधार, बँक पासबुक एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. नुकसान झालं की ताडपत्री टाकायच्या आधी फोटो काढा, पण ताडपत्री टाकायला पंचनाम्याची वाट बघू नका, आतलं सामान भिजलं तर ते कोणी भरून देत नाही. तलाठी, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते आल्यावर एकूण किती पाख्यांपैकी किती गेलं हे मोजून लिहायला लावा. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत अंशतः पडझडीसाठी निदान १५ टक्के नुकसान हवं अशी अट होती, आणि पक्क्या घराला रक्कम होती ६,५०० रुपये. राज्य सरकार कधी कधी वेगळा निर्णय काढून वाढवून देतं. पंचनाम्याची प्रत मागा, पटत नसेल तर तिथेच लेखी हरकत द्या आणि तहसील कार्यालयात पोच घ्या.

साडेसहा हजारांत पाखं होत नाही हे तुम्हीही जाणता. तेवढ्या पैशांत तार, पट्ट्या आणि स्क्रू मात्र येतात, वादळाआधी.

घराला लागून दोन माड, एक आंबा आणि मागे एक फणस आहे. तोडून टाकू का?
(एक वाचक, आचरा)

सरसकट नको. माड वाऱ्यात वाकतो, चांगलं मूळ असेल तर बराच टिकतो, त्याचे सुके झाप आणि नारळ मात्र पावसाआधी उतरवा, पंधरा मीटरवरून आलेला नारळ कौल फोडून माजघरात येतो. ज्या माडाचा बुंधा एका बाजूने उघडा पडलाय, किंवा शेंड्याला किडीने भोकं पडलीत, तो मात्र घरावर यायच्या आत काढा. निसर्गमध्ये दापोली-श्रीवर्धनकडे माड-पोफळींच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा जुनं झाड म्हणजे मजबूत असं धरून चालू नका.

आंबा आणि फणसाच्या ज्या फांद्या घरावर आल्यात तेवढ्या उतरवा, एकाच बाजूने भरमसाठ छाटू नका, झाडाचा तोल जातो. बुंध्यापासून तोडायचं असेल तर आंबा, फणस, साग ही झाडं महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात आहेत, परवानगी लागते, ती मे महिन्यात धावत जाऊन मिळत नाही, दिवाळीनंतर अर्ज करा. फांदी उतरवताना आधी दोर बांधून घ्या, आणि त्या दिवशी घरात कोणाला ठेवू नका.